हात धुऊन मागे

प्रिय विहीणबाई,

पाकिटावरचं अक्षर माझं आहे हे ओळखूनही तुम्ही ते फोडलंत, त्याबद्दल आभार. तुमच्या जागी मी असते तर न उघडता परत धाडलं असतं. माझा फोन तुम्ही उचलत नाही, आणि त्याबद्दल मी तुम्हाला दोष देत नाही. दोष द्यायचं काम मी या वर्षी पुरेसं केलंय. अक्षर वाकडंतिकडं दिसेल. कॉन्व्हेंटातल्या मदरनी हे पान पाहिलं असतं तर बोटांवर पट्टी बसली असती. पण मी रबरी हातमोजे चढवून लिहितेय, मागच्या खोलीत, दार लावून. असं का, ते सांगणारच आहे, पण माझ्या क्रमानं सांगू द्या. ऑपरेशन थिएटरात तेहतीस वर्षं काढलेली बाई मी. ट्रेवर सगळं मांडून झाल्याशिवाय मला सुरुवात करता येत नाही.

आधी नातीची बातमी. तुमची लेक तुम्हाला फोनवर 'आता बरंय गं आई' असं सांगत असेल. ते खोटं आहे. ती तुमची काळजी वाचवतेय, आणि थोडी माझी अब्रूही. ठमाबाई बरी नाही. साडेसात महिन्यांच्या मुलीचं वजन वाढायचं, ते गेल्या महिन्यात होतं त्याच्याही खाली आलंय. तळपायांवर फोड, तळहातांवर फोड, काखेत लाल गाठी, आणि आता कानामागे, केसांतही. डाव्या टाचेतल्या फोडात पू झाला, त्याला वेगळं अँटिबायोटिक. तिला अजून धड खाजवता येत नाही, म्हणून ती दोन्ही पावलं एकमेकांवर घासत राहते, माशी पाय घासते तशी. दूध तोंडात धरते, दोन घोट घेते, अंग पिळवटून सोडून देते. रडून रडून आवाज बसलाय, त्यामुळे हल्ली ती रडते तेव्हा दार करकरल्यासारखं वाटतं. आत्ताही तेच ऐकू येतंय. साडेतीन महिने झाले, मधले थोडे दिवस सोडले तर घरात सलग तीन तास कुणी झोपलेलं नाही. तुमची लेक परवा ऑफिसला निघाली ती दोन पायांत दोन वेगळ्या चपला घालून. तुमचे जावई हसले, ती रडली, मग तेही रडले. मी दोन्ही ताटं वाढून झाकून ठेवली. कुणी उघडली नाहीत.

तुमच्याकडून ती तीन महिन्यांची होऊन इकडे आली, तेव्हा तिचं अंग कसं होतं ते तुम्हाला आठवतच असेल. मला तर रोज आठवतं. महिनाभरानं तळपायावर चार पुटकुळ्या उठल्या. ओळखीच्या डॉक्टरांनी घामोळं म्हणून सांगितलं आणि पावडर दिली. घामोळं तळपायाला येत नाही हे मला तेव्हाच कळायला हवं होतं, पण थिएटरातल्या नर्सला कातडी म्हणजे कापायची जागा, याहून जास्त ठाऊक नसतं. पंधरा दिवसांनी मुलांच्या डॉक्टरांनी पाहिलं आणि सरळ सांगितलं, खरूज आहे. विहीणबाई, तो शब्द ऐकून मी खुर्चीवरून उठले. खरूज! माझ्या घरात! आमच्याकडे जमीन दोनदा पुसतात, भांड्यांआधी भांड्यांची घासणी धुतात. त्या दिवसापासून घरात त्या शब्दाला बंदी झाली. आम्ही 'ॲलर्जी' म्हणायला लागलो. शेजारणीला ॲलर्जी, तुमच्या लेकीच्या साहेबांना ॲलर्जी, पाळणाघराच्या बाईंना ॲलर्जी. ॲलर्जी कशी, चांगल्या घरची वाटते. खरूज म्हटलं की लोक आधी तुमची मान बघतात, मग तुमच्या चादरी. पण ॲलर्जी शेजाऱ्याला होत नाही ना, त्यामुळे ठमीला ज्यांनी ज्यांनी उचललं त्यांना कुणालाच 'तुम्हीही औषध लावा' असं सांगता आलं नाही. आमच्या अब्रूची किंमत कुणाकुणाच्या पोरांनी मोजली असेल, देव जाणे.

औषध म्हणजे पर्मेथ्रिनचं क्रीम. सगळं जग तेच लावतं. घरातल्या सगळ्यांनी एकाच दिवशी, अंगभर, आठ ते बारा तास ठेवायचं, मग अंघोळ. आठवड्यानं पुन्हा एकदा. किड्याला एका अंगावरून दुसऱ्या अंगावर पळायला जागा ठेवायची नाही, एवढीच त्यामागची अक्कल. हे काम मी दुसऱ्या कुणाला देणं शक्यच नव्हतं. मी थिएटरची यादी लावतात तशी यादी लावली. पहिली केस ठमाबाई, दुसरी तिची आई, तिसरे तिचे वडील, आणि शेवटी मी. पहिल्या खेपेला ठमीला फक्त मानेखाली लावलं, कारण क्रीमच्या कागदावर तसं छापलं होतं आणि छापलेल्या अक्षरावर माझा लहानपणापासून विश्वास. तान्ह्या मुलाला डोक्याला, कपाळाला, कानामागेही लावायचं असतं, हे डॉक्टरांनी नंतर फोनवर सांगितलं, जणू काही 'मीठ चवीपुरतं' म्हणावं तसं. दुसऱ्या खेपेला डोकंही झालं. हातांत पायमोजे घातले, म्हणजे मुठी चोखून औषध पोटात जाणार नाही. चादरी, कपडे, अभ्रे उकळत्या पाण्यात. जे उकळता येत नाही ते पिशवीत बंद. रोज दोन बादल्या पिळून पिळून माझे खांदे भरून आले. आठ-दहा दिवस ती शांत झोपली. मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली. मग पुन्हा तळपायाला एक बारीक नागमोडी रेघ, तिच्या टोकाला एक ठिपका. पुन्हा पहिल्यापासून.

तेव्हाच तुम्ही आलात. आता ते लिहायला हवं, कारण ते टाळलं तर बाकीच्या पानांना अर्थ नाही. मी आधीच्या रात्रीपासून हिशेब करून ठेवला होता. खरजेची खाज सुटायला साधारण महिना लागतो, हे मी पुस्तकात वाचलं होतं. म्हणजे पुरळ उठण्याच्या एक महिना आधी मूल कुठे होतं? तुमच्याकडे. तुमच्या शिवणाच्या खोलीत, जिथे सतरा घरांचे कपडे येतात, मापाचे, दुरुस्तीचे, न धुतलेले. झाला की नाही सिद्धांत तयार! सोपा, स्वच्छ आणि माझ्या घराबाहेरचा. तुम्ही जिने चढून दमून आला होतात. मी तुम्हाला पाणीसुद्धा विचारलं नाही. ठमीला तुम्ही मांडीवर घेतलंत, आणि मी आतून ती पिशवी आणली. जुन्या मऊ चादरींची तुम्ही शिवलेली सात दुपटी, कडेला बारीक टीप घातलेली. पिशवीचं तोंड गाठ मारून बांधलेलं. दारात, शेजारीण जिन्यात उभी असताना, मी म्हटलं, 'ही तुमची इस्टेट घेऊन जा. पाहुणे पाठवलेत ते पुरेत.' तुम्ही इतकंच म्हणालात, 'धुऊनच दिली होती हो मी.' ठमीला लेकीच्या हातात दिलंत, पिशवी घेतलीत आणि जिना उतरलात. तुम्ही भांडला असतात तर मला बरं वाटलं असतं. भांडणात मी कुणाला हार जात नाही.

त्याच्याआधीची एक गोष्ट मी कुणाला सांगितलेली नाही. तुमच्या लेकीलाही नाही. ठमीला पहिल्यांदा इकडे पोचवायला आलात, त्या दिवशी आपण ओट्याशी उभ्या होतो. मी कपबश्या विसळत होते. तुम्ही माझ्या हातांकडे बघून हळूच विचारलंत, 'विहीणबाई, बोटांच्या बेचक्यात हे काय झालंय? आणि नखं अशी जाड?' शिवणारीची नजर. सुटलेला टाका हिला लांबून दिसतो. मी काय म्हटलं, आठवतंय? आठवत असेलच, अपमान लक्षात राहतो. मी म्हटलं, 'तेहतीस वर्षं साबणानं कोपरापर्यंत हात घासलेत. सुईत दोरा ओवण्यात घालवलेल्या हातांना ते कळायचं नाही.' तुम्ही कपबश्या पुसायला घेतल्यात. ठमी तेव्हा पाळण्यात झोपली होती, लोण्यासारखं अंग. त्या दिवशी मी तुमचं ऐकलं असतं, तर हे पत्र लिहायची पाळी आली नसती. पण तुम्ही बरोबर असू शकता ही कल्पनाच माझ्या डोक्यात शिरायला जागा नव्हती.

तुम्ही गेल्यावर सगळं आणखी बिघडलं. क्रीमची तिसरी खेप, चौथी खेप. दुकानदारानं एक 'हमखास' ट्यूब दिली; तिनं लाली पार गेली, आणि आम्ही सुटकेचा श्वास टाकला. त्यात स्टेरॉइड होतं. लाली झाकली गेली, किडा आत मजेत. महिन्यानं दुप्पट. तुमच्या लेकीची रजा संपली, पाळणाघरानं नकार दिला, त्यामुळे ठमी दिवसभर माझ्याकडेच. सकाळी आठ ते संध्याकाळी सात माझ्या हातांवर. मी तिला शेकत होते, पुसत होते, मलम चोळत होते, आणि तिची आई घरी आली की तिच्याकडे संशयानं पाहत होते. ही ऑफिसातून तर काही आणत नसेल? मुलगा बसनं येतो, बसच्या सीटवरून तर नाही? एके दिवशी माझा मुलगा मला म्हणाला, 'आई, तू सगळ्यांच्या हात धुऊन मागे लागतेस.' आणि ते अक्षरशः खरं होतं, विहीणबाई. किती खरं, ते त्यालाही ठाऊक नव्हतं.

गेल्या सोमवारी मोठ्या इस्पितळातल्या कातडीच्या ओपीडीत गेलो. सगळ्यांनी यायचं, असा तिथल्या डॉक्टरणीचा हुकूम. वय असेल तिशीचं, चष्मा नाकावर घसरलेला, ॲप्रनच्या खिशाला निळ्या शाईचा डाग. मी मनात म्हटलं, ही पोरगी काय सांगणार. तिनं ठमीच्या टाचेवर एक छोटी दुर्बीण टेकवली, बराच वेळ पाहिलं, म्हणाली, जिवंत आहेत. मी तिच्यावर घसरले. चार खेपा झाल्या, तुमचं औषधच बोगस, कंपन्या लुटताहेत, वगैरे. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, हे क्रीम हल्ली बऱ्याच घरांत पूर्वीसारखं काम करत नाही, हे खरं आहे, औषध थकलंय. पण औषधाला नावं ठेवण्याआधी लावणाऱ्याला विचारावं लागतं. कसं लावलंत ते सांगा. मी यादी सांगितली. मला ती यादी सांगताना अभिमानही वाटत होता. ती मान हलवत लिहीत होती. शेवटी तिनं विचारलं, 'आणि सगळ्यांना लावून झाल्यावर तुम्ही काय केलंत, मावशी?' मी म्हटलं, 'काय केलं म्हणजे? हात धुतले.' कसे? 'ब्रशनं. बोटांपासून कोपरापर्यंत. तीन मिनिटं. दुसरं कसं धुतात?' तिनं पेन खाली ठेवलं.

खरजेच्या किड्याचं आवडतं घर म्हणजे माणसाचे हात. बोटांची बेचकी, मनगट, नखांच्या कडा. आणि चारही खेपांना घरातल्या एकाच बाईच्या हातांवर ते औषध काही मिनिटांपलीकडे टिकलं नव्हतं. पुन्हा त्याच धुतलेल्या हातांनी मी लगेच ठमीला उचलत होते. 'हात दाखवा,' ती म्हणाली. मी म्हटलं, मी तेहतीस वर्षं थिएटर सिस्टर होते. 'मग तर आधी दाखवा, मावशी.' हात पुढे करायला मला किती वेळ लागला, ते तुमच्या लेकीनं पाहिलंय. तिला विचारा, ती खोटं बोलणार नाही. माझ्या सांधेदुखीला दोन वर्षं स्टेरॉइडच्या गोळ्या चालू आहेत, हे तुम्हाला माहीत आहे. त्या गोळ्यांनी अंगाची राखण ढिली होते आणि खाजही फारशी सुटत नाही. मी ज्याला साबणानं कोरडी पडलेली कातडी म्हणत होते, ज्याला वयाची जाड नखं म्हणत होते, त्यातून तिनं पात्यानं चिमूटभर भुगा खरवडला, काचेवर घेतला आणि मला मायक्रोस्कोपाशी बसवलं. साध्या खरजेत अख्ख्या अंगावर दहा-पंधरा किडे असतात. माझ्या एका नखाच्या भुग्यात मी वीस मोजले आणि मोजणं सोडलं. गोल, आळशी, आठ पायांचे. याला खपलीची खरूज म्हणतात. हजारोंनी असतात. मग तिनं माझाच हिशेब मला परत दिला, तिला न कळत. म्हणाली, पुरळ उठण्याआधी महिनाभर मागे जा. तेव्हा बाळ कुणाच्या हातात आलं? तुमची लेक भिंतीवरचा तक्ता वाचत होती. माझा मुलगा बुटाची नाडी बांधत होता, आणि त्याच्या बुटांना नाडी नव्हती.

घरी येऊन मी स्वतःशी पुष्कळ उलटतपासणी केली. माझी थोरली बहीण ठमीच्या जन्माआधी, तिचे शेवटचे चार महिने शुश्रूषागृहात होती, ते तुम्हाला ठाऊक आहे. तुम्ही भेटायला आला होतात, तिला शिवून दिलेल्या सैल झग्यासह. तिची पाठ सतत कोरडी, खवल्यांसारखी. ती म्हणायची, 'जरा पाठीवरून हात फिरव गं.' तिथल्या मुली हातमोजे घालून घाईघाईनं पुसायच्या, तिला ते आवडायचं नाही. मी रोज उघड्या हातांनी अर्धा अर्धा तास तेल चोळत असे. तिथूनच आलं असणार. डॉक्टरीण म्हणाली, बहुतेक. यावर मला चिडायचंय, पण कुणावर चिडू? ती गेली. मी नसतं चोळलं तर ती तशीच, कुणाचा हात न लागता गेली असती. मला आता चिडायचाही कंटाळा आलाय, विहीणबाई. तुमच्यावर नाही, त्या कागद छापणाऱ्यावर नाही, दुकानदारावरही नाही. बरं, दुकानदारावर थोडी आहे.

आता पुढचं. डॉक्टरणीच्या मते औषध थकलंय की माझे हात आडवे आले, हे नक्की सांगता येणार नाही, दोन्ही असेल. म्हणून या खेपेला औषधही बदलायचं. मोठ्यांना आयव्हरमेक्टिनच्या गोळ्या. ठमीला नाहीत, पंधरा किलोच्या आतल्या मुलाला त्या सहसा देत नाहीत. तिला गंधकाचं मलम, सहा टक्के, जुनं, आजीच्या काळातलं, तान्ह्या मुलालाही चालणारं. ते तयार मिळत नाही. इस्पितळाच्या तळघरातल्या म्हाताऱ्या फार्मासिस्टनं संगमरवरी पाटीवर व्हॅसलीनमध्ये घोटून दिलं. म्हणाला, 'बारा वर्षांनी कुणीतरी मागितलं,' आणि इतका खूश झाला की त्यानं डब्यावर तारीख दोनदा लिहिली. वास भयंकर आहे. नासकं अंडं आणि विझलेली काडी. लागोपाठ तीन संध्याकाळी डोक्यापासून तळव्यांपर्यंत, नखांच्या कडांत, बेंबीत, डोळे आणि तोंड सोडून. चोवीस तासांनी अंघोळ, पुन्हा लेप. कपडे पिवळे होतील, होऊ देत. आठवड्यानं पुन्हा एक फेरी. आणि किडे मेले तरी खाज दोन-चार आठवडे राहते, गाठी तर त्याहून जास्त. तेव्हा घाबरून रोज मलम फासत बसायचं नाही. हे शेवटचं मी मुद्दाम लिहिते, कारण माझ्या मुलाला घाबरायला निमित्त पुरतं.

आणि हे सगळं मी तुम्हाला का लिहितेय? शनिवारी सकाळी मला इस्पितळात दाखल करून घेताहेत. वेगळी खोली, दाराला पाटी, आत येणाऱ्यानं झगा घालायचा. निदान तीन आठवडे, आणि माझ्या नखांतला भुगा दोनदा स्वच्छ निघेपर्यंत मी ठमीला हात लावायचा नाही. सोमवारपासून लावलेलाही नाही; तिचे आईबाप आलटूनपालटून रजा काढून तिला सांभाळताहेत. दाराआडून तिचं करकरणं ऐकत बसते. तिचे आईबाप दोघं नोकरीवर गेले नाहीत तर हे घर चालत नाही, पाळणाघर घेत नाही, आणि परक्या माणसाच्या हातात हे मलम मी देणार नाही. तुम्ही या. तुम्हाला या घरातून हाकललं त्याच बाईची ही विनंती आहे. दुसरं, तुमच्या लेकीच्या बोलण्यातून निसटलं की तुमच्या मनगटांना महिनाभर खाज आहे आणि तुम्ही कुणाला सांगितलं नाही. ती ठमीकडून गेली, म्हणजे माझ्याकडून गेली. तुमच्या गोळ्या आणि तुमचं मलम जावई या पत्रासोबत देतील. आपण सगळ्यांनी शनिवारीच घ्यायचं, एकाच दिवशी. गंमत बघा, कॉन्व्हेंटनं मला 'सॉरी' म्हणायला इतकं पक्कं शिकवलं की तो शब्द मी दिवसातून वीस वेळा वापरला आणि त्यानं कधी काही झालं नाही. आपल्या भाषेत 'माझं चुकलं' असंही म्हणता येतं. त्यात चूक आपली आपण होते, मी बाजूला उभी. तसं मला लिहायचं नाही. मी चुकले. तुमची दुपटी स्वच्छ होती, तुमचं घर स्वच्छ होतं, आणि घाण शोधणारी बाई ती स्वतःच्या नखांत घेऊन फिरत होती. हे मी जिन्यातल्या शेजारणीलाही काल सांगितलं, 'खरूज' हा शब्द वापरून. ती दोन पायऱ्या मागे सरकली. ठमीला झोपवताना पाठ थोपटू नका, तिला आवडत नाही. कपाळावरून भुवयांकडे एक बोट फिरवा. दूध कोमट नाही, जरा गरमच लागतं. डावा कान चोळायला लागली की झोप आलेली असते, भूक नव्हे. शनिवारी तुम्ही याल तेव्हा मी बॅग घेऊन दारातच असेन, चार हात लांब. तुमच्या लेकीनं तिला तुमच्याकडे दिल्यावर ती मला शोधेल. माझा आवाज ऐकून तिनं माझ्याकडे झेप घेतली, तर विहीणबाई, तिला घट्ट धरा.

तुमचीच,
ठमीची दुसरी आजी